आजीव सभासद: फर्ग्युसन कॉलेजच्या शिक्षक-कारभाऱ्यांचा इतिहास

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि त्यानंतरच्या पाव शतकात मुंबई इलाख्यात जी महाविद्यालये नावारूपाला आली, त्यांचा कारभार ठरावीक दोन हातांत होता. मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज ही सरकारी महाविद्यालये असल्यामुळे त्यांचे प्राचार्य शिक्षणखाते नेमीत असे आणि ते बहुधा युरोपीय असत. विल्सन आणि सेंट झेवियर या महाविद्यालयांवर ख्रिस्ती धर्मसंघांचे नियंत्रण होते. या दोन्ही व्यवस्थांत एतद्देशीय प्राध्यापकाला शिकविण्याची मुभा होती, क्वचित मानही होता. परंतु कोणता विषय कोणी शिकवावा, नवा माणूस कोणता घ्यावा, शुल्क किती असावे आणि शिल्लक पैसा कशावर खर्चावा, हे ठरविणाऱ्या बैठकीत त्याला जागा नव्हती. १८८५ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या फर्ग्युसन कॉलेजाने ही विभागणी मोडली. तेथे शिकविणारे, कारभार पाहणारे आणि संस्थेचे विश्वस्त ही एकच मंडळी होती, आणि प्राचार्य हा त्यांच्यापैकीच एक होता. मराठी मुलखातील उच्च शिक्षणावर या रचनेचा जो ठसा उमटला, तो तिच्यातील थोर व्यक्तींच्या चरित्रांआड झाकला गेला आहे. टिळक, आगरकर, गोखले आणि कर्वे यांची नावे सर्वांना ठाऊक असतात. मात्र ज्या घटनेने त्यांना एका छताखाली आणले आणि त्यांतील काहींना एकमेकांपासून तोडलेही, तिची चर्चा त्या मानाने थोडी होते.

या रचनेचे मूळ शाळेत आहे. 'निबंधमाले'चे कर्ते विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सरकारी शिक्षकाची नोकरी सोडल्यावर १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी त्यांच्याबरोबर होते, वामन शिवराम आपटे त्याच वर्षी येऊन मिळाले आणि एम. ए. ची परीक्षा आटोपून गोपाळ गणेश आगरकर पुढच्या वर्षी दाखल झाले. टिळक, आगरकर आणि आपटे हे तिघेही डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी होते. म्हणजे सरकारी महाविद्यालयातील शिक्षणाचा दर्जा त्यांनी स्वतः अनुभवला होता आणि तेथील वरच्या खुर्च्या आपल्यासाठी नाहीत, हेही त्यांनी पाहिले होते. मोठ्या पगाराची आशा सोडून केवळ पोटापुरत्या पैशांत आयुष्य काढण्याचा निश्चय आगरकरांनी आपल्या आईला पत्राने कळविला होता, ही हकीकत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती सांगताना तिच्यामागचा व्यावहारिक हिशेब बहुधा सुटतो. सरकारी मदतीवर अवलंबून न राहता शाळा चालवायची तर सर्वांत मोठा खर्च, म्हणजे शिक्षकांचा पगार, कमी ठेवणे भाग होते, आणि तो कमी ठेवायचा तर शिक्षकच संस्थेचे धनी असणे आवश्यक होते. धन्याने आपला पगार आपणच कमी घ्यावा हे चालते; नोकराकडून ती अपेक्षा करता येत नाही. त्याग आणि मालकी यांची ही सांगड फर्ग्युसनच्या सबंध इतिहासाच्या बुडाशी आहे.

परिस्थितीही अनुकूल होती. भारतातील शिक्षणाची पाहणी करण्यासाठी १८८२ मध्ये नेमलेल्या आयोगाने, जो अध्यक्षांच्या नावावरून हंटर आयोग म्हणून ओळखला जातो, सरकारने शिक्षणसंस्था थेट चालविण्याचे काम हळूहळू कमी करावे आणि खासगी प्रयत्नांना अनुदान द्यावे, असा कल दाखविला. न्यू इंग्लिश स्कूलची प्रगती आयोगाच्याही नजरेत भरली होती. चिपळूणकर त्याच वर्षी मार्च महिन्यात निवर्तले आणि कोल्हापूरच्या कारभाऱ्यांविरुद्ध 'केसरी'त व 'मराठा'त आलेल्या मजकुराबद्दल टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तरीही शाळा बंद पडली नाही. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य विल्यम वर्ड्‌सवर्थ यांच्या हस्ते फर्ग्युसन कॉलेजचे उद्घाटन झाले. महाविद्यालयाला नाव मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे आणि उद्घाटक सरकारी महाविद्यालयाचे प्रमुख, यावरून काहींना ही मंडळी सरकारशी तडजोड करीत होती असे वाटते. परंतु ज्यांना संस्थानिकांकडून देणग्या व विद्यापीठाकडून मान्यता मिळवायची होती, त्यांनी नाव दुसऱ्याचे घेतले आणि निर्णयाचा अधिकार स्वतःकडे ठेवला, हे या प्रसंगाचे अधिक नेमके वर्णन होईल.

सोसायटीच्या घटनेतील मध्यवर्ती कल्पना 'लाइफ मेंबर', म्हणजे आजीव सभासद, ही होती. जो प्राध्यापक किंवा शिक्षक संस्थेची वीस वर्षे सेवा करण्याचे वचन देईल आणि ठरवून दिलेल्या अल्प वेतनावर राहील, तो आजीव सभासद. महाविद्यालयात हे वेतन पुढे दरमहा ७५ रुपये असे रूढ झाले. शिक्षणक्रम, नेमणुका, वेळापत्रक आणि शिस्त हे दैनंदिन विषय आजीव सभासदांच्या मंडळाकडे असत. त्यावर एक नियामक मंडळ असे आणि त्यात आजीव सभासदांच्या जोडीला देणगीदारांचे प्रतिनिधी बसत. देणगीच्या रकमेप्रमाणे या देणगीदारांना 'पेट्रन' किंवा 'फेलो' म्हटले जाई. पैसा देणाऱ्याला सल्ल्याचा अधिकार मिळावा, पण वर्गातील कामकाजावर त्याचा हात पडू नये, एवढी काळजी या दुहेरी रचनेत घेतलेली दिसते. या काळातील 'आर्ट्‌स कॉलेज' या शब्दावरून आजच्या कला शाखेची कल्पना करणे योग्य होणार नाही. बी. ए. च्या अभ्यासक्रमात इंग्रजी, संस्कृत, तर्कशास्त्र, इतिहास आणि अर्थशास्त्र यांच्याबरोबर गणित व विज्ञान यांचाही समावेश होता. म्हणून संस्थेच्या प्रमुखाला भिन्न विद्यांच्या माणसांशी बरोबरीने बोलता येणे ही शोभेची बाब नव्हती, कामाची गरज होती.

पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे हे त्या वेळी सत्तावीस वर्षांचेही नव्हते. संस्कृत रचनेवरील त्यांचे विद्यार्थ्यांसाठीचे इंग्रजी मार्गदर्शक पुस्तक १८८१ मध्येच निघाले होते आणि ज्या संस्कृत-इंग्रजी कोशामुळे त्यांचे नाव आजही जगभरच्या अभ्यासकांच्या तोंडी आहे, तो १८९० मध्ये, म्हणजे ते प्राचार्यपदावर असतानाच, प्रसिद्ध झाला. शाळेचा व्याप, महाविद्यालयाची उभारणी, विद्यापीठाशी पत्रव्यवहार आणि वर्गातील तास यांतून वेळ काढून एका माणसाने एवढा कोश सिद्ध केला, ही गोष्ट त्या पिढीच्या कामाच्या मापाची कल्पना देते. त्या मापाची किंमतही मोठी होती. ऑगस्ट १८९२ मध्ये आपटे वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे चौतीस होते. त्यांच्यामागून प्राचार्य झालेले आगरकर दम्याने जर्जर होऊन १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच गेले. दहा वर्षांत दोन प्राचार्य गमावणाऱ्या संस्थेचा इतिहास केवळ अभिमानाने लिहिणे अपुरे ठरेल. थोड्या माणसांवर फार कामे टाकणारी ही रचना होती आणि तिने माणसे झिजविली, हेही स्पष्ट नोंदविले पाहिजे.

या रचनेची खरी कसोटी मात्र मृत्यूंपूर्वीच, टिळकांच्या राजीनाम्याच्या वेळी लागली. हा वाद सामान्यतः टिळक आणि आगरकर यांच्यातील सामाजिक सुधारणेविषयीच्या मतभेदाचा एक भाग म्हणून सांगितला जातो, आणि तो मतभेद खोल होता यात शंका नाही. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला, हे त्याचेच फळ. पण सोसायटीच्या अंतर्गत जो झगडा झाला, त्याचा विषय संमतिवय किंवा विधवाविवाह हा नव्हता. कारभारात सहभागी असलेल्या शिक्षकाच्या वेळेवर आणि मिळकतीवर संस्थेचा हक्क कुठपर्यंत पोहोचतो, हा तो विषय होता. टिळकांपुढे जेझुइटांचा आदर्श होता. जेझुइट हे रोमन कॅथलिक पंथातील व्रतस्थ धर्मगुरूंचे मंडळ. त्यांनी जगभर शाळा व महाविद्यालये चालविली आणि मुंबईचे सेंट झेवियर कॉलेजही त्यांचेच. त्या धर्तीवर आजीव सभासदाने सर्व शक्ती संस्थेलाच वाहावी, बाहेरच्या कामातून मिळालेला पैसा संस्थेच्या सामाईक तिजोरीत भरावा आणि वेतनवाढीची भाषा बोलू नये, असे टिळकांचे म्हणणे होते. दुसरा पक्ष संसारी माणसांचा होता. घरची माणसे वाढत होती, आजारपणे होती, डोक्यावर कर्ज होते. ठरलेले काम पुरे केल्यावर उरलेल्या वेळेत पुस्तक लिहून वा अन्य मार्गाने सभासदाने चार पैसे मिळविले तर त्यात व्रतभंग नाही, असे आगरकरांसह अनेकांना वाटत होते. इंदूरच्या होळकरांकडून आलेल्या देणगीच्या वाटपावरूनही कटुता वाढली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९० मध्ये सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले तेव्हा हा वाद विकोपाला गेला, कारण त्या पदाचे काम पूर्णवेळाचे आहे आणि आजीव सभासदाला ते घेता येणार नाही, असा टिळकांचा आक्षेप होता. बहुमत त्यांच्या बाजूने नव्हते. डिसेंबर १८९० मध्ये त्यांनी दीर्घ राजीनामापत्र लिहून सोसायटी सोडली.

या वादात एका पक्षाला सर्वस्वी बरोबर ठरविणे न्यायाचे होणार नाही. टिळकांचा आग्रह तत्त्वदृष्ट्या सुसंगत होता. समाईक मालकीची संस्था सभासदांच्या खासगी उद्योगांनी पोखरली जाते, हे पुढील काळात अनेक शिक्षणसंस्थांनी सिद्ध करून दाखविले. तथापि त्यांच्या कल्पनेतील सभासद हा संन्याशासारखा होता आणि प्रत्यक्षातील सभासद गृहस्थ होता. शिवाय ज्या टिळकांनी बाहेरच्या कामाला हरकत घेतली, तेही स्वतः वृत्तपत्रांत गुंतलेले होते, ही गोष्ट त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात होती. बहुमताने सैल नियम पत्करला आणि त्यामुळेच पुढे फर्ग्युसनच्या प्राध्यापकांना कायदेमंडळात, समाजकार्यात आणि ग्रंथलेखनात मोकळेपणी वावरता आले, असा निष्कर्ष काढण्यास आधार आहे. नियम कडक राहिला असता तर कर्व्यांचा विधवाश्रम आणि गोखल्यांचे राजकारण यांना या महाविद्यालयाच्या आश्रयाने वाढता आले नसते.

टिळक गेल्यावर गणिताची जागा रिकामी झाली आणि १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे तेथे आले. संस्थेने सभासदाला बाहेरच्या कार्यासाठी किती मोकळीक द्यावी, या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडते. १८९६ मध्ये विधवांच्या आश्रमाची स्थापना करून, तो हिंगण्यास हलविल्यावर कर्वे दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत आणि हिंगण्याची वाट पायी तुडवीत आश्रमाचे काम पाहत. आजीव सभासदत्वाचे वचन पाळूनच त्यांनी हे केले आणि १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. निष्ठेने काम करणाऱ्या सेवकांचे मंडळ उभारण्यासाठी त्यांनी १९०८ मध्ये जो 'निष्काम कर्म मठ' काढला, त्यात सोसायटीच्या आजीव सभासदत्वाचीच छाया दिसते.

प्राचार्यपद आणि चिटणीसपद यांतील भेद या काळाच्या संदर्भात लक्षात घेतला पाहिजे. प्राचार्य महाविद्यालयाचा विद्याविषयक प्रमुख असे. चिटणीस हा संस्थेचा पत्रव्यवहार, हिशेब आणि निधी सांभाळी. प्रारंभीच्या वर्षांत निधीसाठी संस्थानांच्या दरबारी खेपा घालण्याचे काम मुख्यतः नामजोशींनी केले, आणि नव्वदीच्या दशकात ते गोखल्यांच्या अंगावर आले. गोखले विशीत असतानाच शिकवू लागले होते. इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र यांपैकी ज्या विषयाला माणूस नसेल तो विषय तयारी करून शिकवीत, आणि सुट्ट्या वर्गणी गोळा करण्यात घालवीत. चतुःशृंगीच्या टेकडीच्या आसऱ्याला महाविद्यालयाची स्वतःची मुख्य इमारत १८९५ मध्ये उभी राहिली, तीत या वर्गणीचा मोठा वाटा आहे. ज्या माणसाने पुढे केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावर भाषणे करून सरकारला आकड्यांनी निरुत्तर केले, त्याची हिशेबाची तालीम एका महाविद्यालयाच्या चिटणिसाच्या टेबलावर झाली होती. गोखल्यांच्या चरित्रकारांनी या टेबलाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते.

आगरकरांनंतर महादेव शिवराम गोळे प्राचार्य झाले. ते संस्थापक सभासदांपैकी एक आणि विज्ञानाचे अध्यापक. आपटे आणि आगरकर यांच्या तेजापुढे त्यांचे नाव मागे पडले असले, तरी नव्या इमारतीतील संसार स्थिरस्थावर झाला तो त्यांच्या कारकिर्दीत. 'ब्राह्मण आणि त्यांची विद्या' हा ग्रंथ लिहून आपल्याच वर्गाच्या शिक्षणाची आणि अवनतीची परखड चिकित्सा त्यांनी केली. १९०२ मध्ये त्यांच्या जागी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे आले. दापोलीजवळच्या मुर्डीचे, कर्व्यांच्या नात्यातले आणि त्यांच्याच घरी राहून शिकलेले परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिल्या क्रमांकाचे, म्हणजे 'सीनियर रँग्लर', ठरलेले पहिले भारतीय होते. सरकारी शिक्षणसेवेचे दार त्यांच्यासाठी खुले असताना ते ७५ रुपयांच्या आजीव सभासदत्वाकडे परतले आणि सव्विसाव्या वर्षी प्राचार्य झाले. त्यानंतरची सुमारे दोन दशके फर्ग्युसन आणि परांजपे हे दोन शब्द पुण्यात एकत्रच उच्चारले जात. १९२१ मध्ये ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा मंजूर झाला. महाविद्यालयाचा प्राचार्य सरकारात जाऊन खेड्यातील मुलांच्या शाळेचा कायदा करतो, हा क्रम योगायोगाचा नव्हता. वीस वर्षे मंडळाच्या बैठकांत अंदाजपत्रक, नेमणुका व मतभेद हाताळलेला माणूस त्या कामाला तयार झालेला होता. पुढे गणितज्ञ गणेश सखाराम महाजनी हे फर्ग्युसनच्या प्राचार्यपदावरून राजपुताना आणि दिल्ली या विद्यापीठांच्या कुलगुरुपदी गेले, आणि धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे, हेही प्राचार्य झाले.

या परंपरेचे दोष झाकून ठेवण्याचे कारण नाही. पहिल्या पिढीतील आजीव सभासद जवळजवळ सगळे पुण्याच्या ब्राह्मण वर्गातून, त्यातही बहुतेक एकाच पोटजातीतून आले होते आणि ते सर्व पुरुष होते. नवा सभासद निवडण्याचा अधिकार जुन्या सभासदांकडेच असल्यामुळे ओळखीच्या वर्तुळातून माणूस घेण्याची प्रवृत्ती बळावली आणि कारभारातील समता ही त्या वर्तुळाच्या आतलीच समता राहिली. सत्यशोधक चळवळीने पुण्याच्या शिक्षणसंस्थांवर जी टीका केली, तिच्यात अतिशयोक्तीपेक्षा तथ्य अधिक होते.

म्हणूनच या रचनेचा पुढचा प्रवास महत्त्वाचा आहे. गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात अल्प वेतन आणि आजीवन सेवा ही दोन्ही तत्त्वे सोसायटीच्या घडणीतून आली. सोसायटीने १९१९ मध्ये सांगलीला विलिंग्डन कॉलेज काढले. पुण्यातच शिक्षण प्रसारक मंडळीचे न्यू पूना कॉलेज १९१६ मध्ये सुरू झाले. तेच पुढे सर परशुरामभाऊ कॉलेज म्हणून प्रसिद्ध पावले. १९१९ मध्येच भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि आजीव सेवकांची पद्धत त्यांनी अशा समाजात रुजविली, ज्याला पुण्याच्या वर्तुळात प्रवेश नव्हता. १९४७ मध्ये साताऱ्याला सुरू झालेले छत्रपती शिवाजी कॉलेज हे त्याच बळाचे फळ. एका जातीच्या मर्यादेत जन्मलेली रचना बहुजन समाजाच्या हाती गेल्यावर अधिक अर्थपूर्ण झाली, असे म्हणणे भाग आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात पगार शासकीय अनुदानातून येऊ लागला. शिक्षकांची ओढाताण संपली, ही सर्वथा इष्ट गोष्ट झाली. मात्र स्वतःचे वेतन स्वतः ठरविणारा शिक्षक आणि संस्थेचा धनी असलेला शिक्षक हे नाते त्याबरोबर सुटले आणि नियामक मंडळांत न शिकविणाऱ्यांचे वजन वाढत गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार महाविद्यालयाच्या प्राचार्यासाठी किमान पंधरा वर्षांचा अध्यापनाचा वा संशोधनाचा अनुभव अपेक्षित आहे, नेमणूक पाच वर्षांची असते, ती आणखी एका मुदतीपर्यंत वाढविता येते, आणि मुदत संपल्यावर प्राचार्याने आपल्या मूळ संस्थेत प्राध्यापक म्हणून परत जावे अशी तरतूद आहे. उपप्राचार्यपदासाठी ज्येष्ठ प्राध्यापकाची दोन वर्षांसाठी निवड करता येते. या तरतुदींत वर्ग आणि कारभार यांचे नाते टिकविण्याची इच्छा दिसते. आपटे, आगरकर व परांजपे यांना परत जाण्याचा प्रश्न पडला नाही, कारण प्राचार्य असतानाही ते शिकवीतच होते.

महाराष्ट्रातील ज्या जुन्या महाविद्यालयांत आजीव सभासदांच्या किंवा आजीव सेवकांच्या मंडळांची सभावृत्ते, हिशेबाच्या वह्या आणि राजीनामापत्रे शिल्लक असतील, तेथील विद्यमान प्राचार्यांनी आणि इतिहासविभागांनी ती वाळवीच्या तडाख्यातून वाचवावीत, त्यांच्या सूची कराव्यात आणि अभ्यासकांसाठी खुली करावीत; शिक्षकांनी संस्था कशा चालविल्या, याचा अस्सल पुरावा त्या कागदांतच आहे.